भाद्रपदानंतरची पहाट

भाद्रपदात एका कुत्रीमागं सात-आठ कुत्र्यांची झुंड गल्लीतून फिरताना आपण सगळेच बघतो आणि नजर फिरवून पुढं जातो. पशुवैद्य असल्यामुळं मला मात्र तिथूनच पुढच्या महिन्यांचा हिशेब दिसायला लागतो. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. भाद्रपदात लागलेली कुत्री कार्तिकात विते, उशीर झालाच तर मार्गशीर्षात. पुढचे सात-आठ आठवडे ती पिल्लांजवळ असते आणि तेवढ्या काळात तिच्यासारखं सावध, तिच्यासारखं चिडखोर जनावर गावात दुसरं नसतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या मुरगूडच्या आसपास याच दिवसांत आणखी दोन गोष्टी घडतात. बिद्री आणि हमीदवाड्याच्या साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, उसाचे फड तुटायला लागतात. आणि हवा थंड झाली म्हणून पोलीस भरतीची, सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे पाचच्या आधी रस्त्यावर उतरतात. निपाणीकडं जाणारा रस्ता, मुदाळ तिट्ट्याकडं जाणारा रस्ता, वेदगंगेकाठच्या गावांना जोडणाऱ्या आतल्या वाटा, सगळीकडं अंधारात बुटांचे आवाज ऐकू येतात. तुटलेल्या फडातलं पाचट ही विणाऱ्या कुत्रीला मिळणारी सगळ्यात उबदार आणि आडोशाची जागा. म्हणजे बांधाच्या त्या बाजूला डोळे न उघडलेली पिल्लं आणि या बाजूला दहा हातांवरून जोरात पळत येणारी माणसं. दिवाळीनंतर कुत्रं अंगावर आल्याच्या तक्रारी वाढतात त्याचं निम्मं उत्तर इथंच आहे, आणि ते कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं असतं.

कुत्रं माणसाला चावलं तर माणसानं डॉक्टरकडं जायचं असतं, पशुवैद्याकडं नाही. पण आमच्या भागात लोक आधी माझ्याकडं येतात, कारण त्यांना विचारायचं असतं ते कुत्र्याबद्दल. ते पिसाळलेलं होतं का? माझ्याच मागं का लागलं? उद्या परत लागलं तर काय करू? पहिल्या प्रश्नावर त्यांना दवाखान्याची वाट दाखवतो. उरलेल्या दोन प्रश्नांवर बोलायला मला तासभरही पुरत नाही.

आधी पळण्याचं गणित बघू. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर वीसपैकी वीस गुण. हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या आसपास पडतो. १०० मीटरमध्ये पूर्ण पंधरा गुण हवे असतील तर साडेअकरा सेकंदांत रेषा गाठायला हवी, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर, तेही ताज्या दमानं, सपाट मैदानावर आणि फक्त शंभर मीटर. आपलं साधं गावठी कुत्रं जोरात निघालं की चाळिशीच्या घरात जातं. भरतीत पहिला येणारा मुलगाही कुत्र्यापुढं पळून सुटू शकत नाही. सुटल्यासारखं वाटतं तेव्हा कुत्र्यानंच पाठलाग सोडलेला असतो.

आणि ते सोडतं कधी? त्याची हद्द संपली की. मोकाट कुत्र्यांच्या टोळीची जागा ठरलेली असते: एखादा चौक, मटणाच्या दुकानामागचा उकिरडा, आठवडी बाजाराची मोकळी जागा, एखादा चिकन सिक्स्टी-फाइव्हचा गाडा. त्या जागेवर तिला रोजचं खायला मिळतं, म्हणून ती राखते. दिवसा माणसांची वर्दळ असते तेव्हा ही कुत्री पाय ताणून झोपलेली असतात, त्यांच्या अंगावरून गेलं तरी मान वर करत नाहीत. पहाटे चार ते सहा हा वेळ त्यांचा. रस्ता रिकामा, खरकटं पडलेलं, शेजारच्या टोळीशी भांडणं चाललेली. त्या वेळी अंधारातून एकटाच कुणी धावत येतो, तर दिवसा बिस्किट देणारा तोच मुलगाही त्यांना ओळखू येत नाही. कुत्र्याचा डोळा मंद उजेडात हालचाल चटकन टिपतो, पण स्थिर गोष्टीचे बारकावे आपल्याइतके टिपत नाही. थांबलेला माणूस आणि धावणारा माणूस हे त्याच्यासाठी दोन वेगळे प्राणी असतात. धावणाऱ्याच्या मागं लागणं त्याच्या रक्तात आहे. सशामागं, मोटारसायकलच्या चाकामागं आणि वासरामागंही ते असंच लागतं.

म्हणून मी पोरांना सांगतो, पळणाऱ्यानं सगळ्यात आधी थांबायला शिकलं पाहिजे. हे सांगायला सोपं आहे आणि करायला फार अवघड. या मुलांनी वर्षभर एकच गोष्ट अंगात मुरवलेली असते की काही झालं तरी थांबायचं नाही. दम लागला तरी, पोटात कळ आली तरी नाही. हातातल्या घड्याळात सेकंद पळत असतात. कुत्रं भुंकायला लागलं की त्यांचा पाय आपोआप जोर धरतो, आणि तिथंच कुत्र्याचं काम सोपं होतं. चाव्याच्या जखमा बघितल्या तर बहुतेक पोटरीवर आणि मांडीच्या मागच्या बाजूला असतात. पाठ दाखवून पळणाऱ्या माणसाच्या जखमा त्या.

थांबायचं म्हणजे गचकन नाही. दोन-चार पावलांत वेग उतरवायचा, चालायचं आणि मग उभं राहायचं. कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, कारण टक लावून बघणं हे त्याच्या भाषेत आव्हान असतं. पण त्याच्यावरची नजर पूर्ण काढायचीही नाही. थोडं तिरकं उभं राहायचं आणि ते डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचं. हात हवेत फिरवायचे नाहीत, छातीशी घ्यायचे. किंचाळायचं नाही, कारण बारीक, चिरका आवाज त्याला आणखी पेटवतो. पोटातून, जाड आवाजात एकदाच ‘हाड!’ म्हणायचं. आपल्याकडची कुत्री हा शब्द जन्मापासून ऐकत आलेली असतात. बरीचशी तिथंच अडखळतात, चार पावलं मागं सरकून भुंकत राहतात. मग तोंड त्यांच्याकडं ठेवून, एक-एक पाऊल मागं घेत त्यांच्या हद्दीबाहेर पडायचं. वीस-पंचवीस पावलं गेलं की ती स्वतःच वळतात. आणि लगेच पळायला सुरुवात करायची नाही. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत चालत जायचं.

खाली वाकून दगड उचलल्यासारखं करणं हा आपल्या गावांतला जुना उपाय, आणि तो खरंच चालतो. दगड मिळाला नाही तरी चालतो. इथल्या कुत्र्यानं वाकलेल्या माणसाचा अर्थ पिढ्यान्पिढ्या शिकून घेतला आहे. मात्र दोन ठिकाणी तो वापरू नका. एक, कुत्रं अगदी अंगाला भिडलेलं असेल तेव्हा, कारण वाकलं की चेहरा त्याच्या तोंडासमोर येतो. दुसरं, विलेल्या कुत्रीसमोर. ती दगडाला भिऊन पळत नाही. तिच्या पाठीमागं पिल्लं असतात.

टोळी असेल तर प्रकार बदलतो. समोरचं कुत्रं भुंकून तुमचं लक्ष धरून ठेवतं आणि चावणारं बहुधा मागून, न भुंकता येतं. म्हणून उभं राहताना पाठीला काहीतरी हवं: कुंपणाची भिंत, उभी असलेली उसाची ट्रॉली, एखादं झाड. अंगातलं जॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, जे असेल ते आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायचं. चावणाऱ्या तोंडाला काहीतरी पकडायला मिळालं की पाय वाचतो. काठी असेल तर ती उगारायची नाही, टोक खाली करून दोघांच्या मध्ये ठेवायची. एकदा मारली की उरलेली सगळी अंगावर येतात. कुत्र्यानं कपडा किंवा पाय धरलाच तर हिसका देऊ नये. दात आत रुतलेले असताना ओढलं की मांस फाटतं. आणि तोल जाऊन पडलात तर पालथं व्हायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हात मानेमागं आणि कानांवर बांधायचे. मान, चेहरा आणि बोटं वाचवणं हे त्या क्षणाचं काम.

मळ्यातल्या आणि वस्तीवरच्या पाळीव कुत्र्याचं वेगळं. त्याला राखणीसाठीच ठेवलेलं असतं आणि ते राखण करतं. तिथं कुत्र्यापेक्षा मालकाशी बोलणं उपयोगाचं. पहाटे पाच ते सहा बांधून ठेवा म्हटलं तर आमच्याकडचे शेतकरी ऐकतात, पोरं कुणाची आहेत हे त्यांना माहीत असतं. ऊसतोड कामगारांच्या खोपटांजवळचं कुत्रंही तसंच, मालकाच्या पोरांना राखत बसलेलं. संत बाळूमामांचं आदमापूर जवळ असल्यानं त्यांच्या बकऱ्यांचे कळप या भागातल्या लोकांच्या सवयीचे. शिवाय खतासाठी शेतात मेंढरं बसवायची पद्धत अजून आहे. कळपाजवळून जाताना मेंढरं आणि कुत्रं यांच्या मधून कधीही जाऊ नये. लांबून वळसा घालावा, धनगराला हाक द्यावी. त्याची एक शीळ तुमच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठी.

आणि पिसाळलेलं कुत्रं? वर सांगितलेलं काहीच त्याला लागू होत नाही. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, चाल झोकांड्यांची आहे, दगडालाही चावतंय, हाकेला ओळख देत नाही, अशा कुत्र्यासमोर उभं राहून बघत बसू नये. त्याच्या आणि आपल्या मध्ये दार, फाटक, ट्रॉलीची उंची, जे मिळेल ते घालावं आणि मागून येणाऱ्यांना ओरडून सावध करावं. काही पिसाळलेली कुत्री गप्पगप्पच असतात, अंधारात कोपरा धरून बसतात. म्हणून आजारी दिसणाऱ्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात ‘हाड अडकलंय’ म्हणून हात घालायला कुणी जाऊ नये. हे मी शेतकऱ्यांना म्हशींच्या बाबतीतही सांगत असतो.

तिखटाचे फवारे आणि आपल्याला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं आता मोबाइलवर मागवली जातात. माझं मत विचाराल तर फवारा वाऱ्याच्या उलट दिशेला मारला तर स्वतःच्याच डोळ्यांत येतो, आणि त्या यंत्रांच्या भरवशावर मी माझ्या मुलीला सोडणार नाही. त्याऐवजी हातात साधी बॅटरी असावी, कानांत काही घालू नये आणि एकट्यानं पळू नये. तीन-चार जण एका चालीनं आले की टोळी बहुतेक वेळा नुसती भुंकते.

आता चाव्याबद्दल. इथं मला सगळ्यात जास्त तळमळीनं बोलायचं आहे.

मुली चावा लपवतात. मुलंही लपवतात, पण मुली जास्त. कारण घरात कळलं की पहिलं वाक्य येतं, ‘उद्यापासून पळायला जायचं न्हाई.’ कशीबशी मिळालेली परवानगी एका ओरखड्यानं जाते. मग ती ट्रॅकपँट खाली ओढते, हळद लावते आणि गप्प बसते. रेबीज गप्प बसत नाही. विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडं सरकतो. लक्षणं दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. लक्षणं दिसली की मरण जवळजवळ ठरलेलं. पण त्या मधल्या काळात लस दिली तर तो थांबतो. मोजून वेळ देणारा असा दुसरा जीवघेणा आजार क्वचितच असेल. माझी आई-बापांना हात जोडून विनंती आहे: पोरगी कुत्र्याचं सांगत आली तर तिचं पळणं बंद करू नका. ती पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि ती पुढची वेळ कशी असेल हे कुणाच्या हातात नसतं.

चावल्यावर आधी नळ. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हे धुणं नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो आणि जखमेतला बराच विषाणू तिथंच मरतो. चुना, तिखट, हळद, तंबाखू, तेल यांतलं काहीही लावायचं नाही, त्यानं विषाणू आत ढकलला जातो. पट्टी घट्ट बांधायची नाही. मग थेट सरकारी दवाखाना, त्याच दिवशी. धनुर्वाताचं इंजेक्शनही तिथंच होईल. नुसता ओरखडा असेल आणि रक्त आलं नसेल तरी लस हवी. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या आत आणि भोवती द्यावं लागतं. लसीची ताकद अंगात यायला दिवस लागतात, तोवरची राखण ते करतं. मोठ्या जखमांसाठी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठावं लागलं तर गाठा, पण लसीचा पहिला डोस लांबवू नका.

‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही भीती अजून घराघरांत आहे. ती लस मेंढराच्या मेंदूपासून बनवत. डेव्हिड सेंपल या डॉक्टरनं १९११ मध्ये कसौलीला ती तयार केली, आणि जवळजवळ शंभर वर्षं आपल्या लोकांनी तीच पोटात टोचून घेतली. २००४-०५ च्या सुमारास देशात ती बंद झाली. आता दंडात स्नायूत दिली तर पाच डोस: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ अशा चार खेपा, प्रत्येक खेपेला दोन्ही दंडांवर थोडी थोडी. दुखणं मुंगी चावल्याइतकं. तिसऱ्या खेपेनंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडून देणारे बरेच आहेत. जखम भरणं आणि लस पूर्ण होणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

चावलेलं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याला मारू नका. दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तो त्याच्या शेवटच्या थोड्या दिवसांतच. त्यामुळं चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असा अर्थ होतो, आणि पुढच्या डोसांबद्दल डॉक्टर तसं ठरवू शकतात. पण लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट बघायची नसते. आम्ही पशुवैद्य कामाला लागतानाच आधीची लस घेऊन ठेवतो, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. मग पुढं चावा बसला तर फक्त दोन डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही. रोज अंधारात पळणाऱ्या मुलांनी आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं.

राहिला प्रश्न कुत्र्यांचा. कुणाला तरी चावा बसला की गावात विषाची भाषा सुरू होते. ती क्रूर आहे, बेकायदा आहे, आणि माझ्या अनुभवात निरुपयोगीही. उकिरडा तसाच राहिला तर रिकाम्या झालेल्या जागेवर शेजारची टोळी येते, आणि ती नवी कुत्री तिथल्या माणसांना ओळखत नसतात, त्यामुळं जास्त चावतात. केंद्र सरकारचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि होती तिथंच सोडा. सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात आधीचा आदेश बदलून हाच मार्ग धरला, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र परत सोडायची नाहीत असं सांगून. गावातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जगभरचा अनुभव सांगतो. शेजारच्या गोव्यानं ते करून दाखवलं. मोठी जाळी घेतलेली पथकं गल्लोगल्ली फिरून वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस टोचत राहिली, प्रत्येक टोचलेलं कुत्रं मोबाइलवर नोंदलं गेलं, आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आमच्या भागातून गोव्याला जायला एक दिवसही लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम भाद्रपदाच्या आधी व्हावं. आपल्याकडं मोहिमेची मागणी होते ती पौषात, चावे वाढल्यावर. तेव्हा कुत्र्या पिल्लांना पाजत असतात, त्यांना पिल्लांपासून तोडून शस्त्रक्रियेला नेता येत नाही, आणि पुढची वीण आधीच जमिनीवर असते. आषाढ-श्रावणात जी कुत्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर येते, तिच्यामुळं कार्तिकातली चार-सहा पिल्लं आणि एक चिडलेली आई रस्त्याकडेला उरत नाही. नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, ठराव करायचा तर ज्येष्ठातल्या सभेत करावा, पकडणाऱ्या पथकाची आणि पिंजऱ्यांची सोय तोवर व्हावी. बाजारानंतरची घाण आणि चिकनच्या गाड्यांचा कचरा त्याच रात्री उचलला गेला तर निम्मी टोळी आपोआप विरते.

यंदाचा भाद्रपद गेला. या हिवाळ्यासाठी भरतीच्या अकॅडम्यांना आणि तालमींच्या वस्तादांना माझं सांगणं आहे. आठवड्यातून एकदा सरावाच्या मध्येच शिट्टी मारा आणि पोरांना पळता पळता थांबवा. वेग उतरवायचा, तिरकं उभं राहायचं, हात छातीशी, मागं मागं चालायचं, आणि पडल्यावर अंग कसं गोळा करायचं हेही मातीवर करून घ्या. रस्त्यावर कुठं कुत्री विली असेल तिथल्या खांबावर चुन्यानं खूण करा आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना कळवा. पिल्लं हिंडायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण संक्रांतीपर्यंत, तो टप्पा सोडा. सर पिराजीराव तलावाची बाजू आहे, शाळांची मैदानं आहेत, तिथं पळा. कुठल्या रस्त्याची खात्री वाटत नसेल तर माझ्याकडं या. पहाटे मी तुमच्याबरोबर चालत येऊन बघून जाईन.